पटावर आहे, वर्गात नाही

दिवाळीनंतर शाळा उघडते आणि बीडकडच्या आमच्या वर्गांत निम्मे बाक मोकळे दिसतात. पोरं आईबापांबरोबर ऊसतोडीला गेलेली असतात. परत येणार मार्च-एप्रिलात, कारखान्याचा पट्टा पडल्यावर, म्हणजे गाळपाचा हंगाम संपल्यावर. बारा वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतेय, तरी हजेरी घेताना त्या नावांपाशी अजून अडखळते.

देशात मुलांसाठी काहीच झालं नाही असं म्हणणाऱ्यांतली मी नाही. महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे सक्तीचं प्राथमिक शिक्षण मागितलं, शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापुरात ते करून दाखवलं. अख्ख्या देशाला शिक्षण हक्क कायदा लागू व्हायला १ एप्रिल २०१० उजाडलं. फार उशिरा, पण झालं. २०१२ साली मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा पोक्सो कायदा आला. आणि २० ते २४ वयाच्या बायकांमध्ये अठराच्या आत लग्न झालेल्यांचं प्रमाण २००५-०६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ४७ टक्के होतं, ते २०१९-२१ मध्ये २३ टक्क्यांवर आलं. कितीतरी अंगणवाडीताईंनी, ग्रामसेवकांनी मांडवात जाऊन शिव्या खाल्ल्या आहेत त्यासाठी.

पण मूल एका गावात, एका घरात राहतं असं धरूनच आपली सगळी व्यवस्था चालते. जे मूल हलतं, ते तिच्या हातातून निसटतं.

गेल्या हिवाळ्यात सातवीतल्या एका मुलीला भेटायला मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका फडावर, ऊसतोड चालू असलेल्या शेतात गेले. आईबाप पहाटेपासून तोडत होते. ही पाचटावर बसून वाढ्यांच्या, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या, पेंड्या बांधत होती. बैलगाडीखाली बांधलेल्या झोळीत धाकटा भाऊ, आणि झोळीची दोरी हिच्या पायाच्या अंगठ्यात. हात पेंडीवर, पाय झोक्यावर. मनगटापर्यंत उसाच्या पात्यांचे बारीक चिरे. मला बघून उठली आणि पहिलं विचारलं, "मॅडम, माझं नाव कमी नाही ना केलं?"

नाव कुणी कमी केलं नव्हतं. पटावर ती होतीच.

कायद्यानं फडाजवळच्या शाळेनं तिला दाखल्याशिवायही बसवून घ्यायला हवं. राज्यानं शिक्षण हमी कार्ड दिलं, हंगामी वसतिगृहंही काढली. पण फड सारखा हलतो, आणि कर्नाटकात गेलेल्या पोरांपुढे तर शाळाच कानडी. शिवाय धाकट्याला कोण बघणार, हे कुठल्याच कार्डावर लिहिलेलं नसतं.

बालमजुरीचंही तसंच. २०१६ च्या दुरुस्तीनं चौदा वर्षांखालच्यांना सगळीच कामं बंद केली, पण शाळा सुटल्यावर घरच्या धंद्यात हातभार लावायची सूट ठेवली. फडात कुणालाही विचारा, "आईला मदत करतेय" हेच उत्तर मिळतं. ऊस शेतकऱ्याचा, साखर कारखान्याची, उचल म्हणजे आगाऊ पैसे मजूर पुरवणाऱ्या मुकादमाचे, यात घरचा धंदा कुठला?

चौदा वर्षांनंतर शाळेचा हक्कही संपतो. वयात आलेली पोर गावात म्हाताऱ्या आजीजवळ ठेवायची भीती, फडावर झोपडीवजा कोपीत ठेवायचीही भीती. मग लग्न उरकतात. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता, आणि नव्या कोयत्याला नवी उचल. एका आईवर मी या कारणानं फार रागावले होते. तिनं शांतपणे विचारलं, "मॅडम, तुम्ही ठेवून घेता का तिला सहा महिने?" माझ्याजवळ उत्तर नव्हतं. त्या दिवसापासून मी आयांवर रागावणं सोडलं.

राग येतो तो मोजणीचा. कारखान्याच्या वजनकाट्यावर प्रत्येक गाडीतल्या उसाची नोंद होते. त्याच गाडीबरोबर आलेलं मूल कुठल्याच वहीत नसतं. गाळप परवाना देतानाच साखर आयुक्तालयानं कारखान्याला विचारावं : तळावर मुलं किती, पाळणाघर कुठे, शाळेपर्यंत त्यांना नेणार कोण? नाही सांगता आलं तर परवाना अडवावा. आणि यातलं पाळणाघर आधी करा. आम्ही नेहमी शाळेपासून सुरुवात करतो आणि तिथेच चुकतो.

ती मुलगी एप्रिलात परत आली. वरच्या वर्गात गेली. आता आठवीत आहे, जोडाक्षरांपाशी अडते, पण रोज सगळ्यांच्या आधी येऊन फळा पुसून ठेवते. परवा मुकादम तिच्या घरी उचल देऊन गेला.