‘तिथे लोकच कायदा करतात’: एका दाव्याचा प्रतिवाद

प्रतिनिधी नसले तरी लोकशाही चालते, हे पटवण्यासाठी एक दावा वारंवार पुढे पाठवला जातो. त्याचा आशय असा: अमेरिकेतील राज्यांत आणि स्वित्झर्लंडमध्ये कोणताही सामान्य नागरिक सह्या गोळा करून आपला कायदा थेट मतदानाला आणू शकतो, तिथे पैशाचे काही चालत नाही, राजकारण्यांना त्यात हात घालता येत नाही, ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढेच विचारले जात असल्याने लोकांची इच्छा स्वच्छ कळते, आणि बहुसंख्यांनी ठरवलेले चुकीचे असूच शकत नाही. या पद्धतीला पुढे मी जनप्रस्ताव म्हणेन. तिच्याविषयी मला आदर आहे, आणि म्हणूनच तिचे असे गुळगुळीत चित्र रंगवले जाते तेव्हा गप्प बसवत नाही.

आधी दाव्यात खरे काय आहे ते मान्य करायला हवे. अमेरिकेत ही सोय सर्वप्रथम साउथ डकोटाने 1898 साली स्वीकारली, ऑरेगनने 1902 साली, आणि कॅलिफोर्नियाने 1911 साली. कॅलिफोर्नियात सदर्न पॅसिफिक या रेल्वे कंपनीने विधिमंडळ जवळपास खिशात घातले होते, आणि ती पकड सोडवण्यासाठीच गव्हर्नर हायराम जॉन्सन यांनी ही सुधारणा पुढे रेटली. 1912 साली ॲरिझोनात स्त्रियांना मताधिकार मिळाला तो जनप्रस्तावातूनच. मात्र ही सोय ‘अमेरिकेत’ सरसकट नाही. ती पन्नासपैकी सुमारे निम्म्या राज्यांत आहे आणि संघपातळीवर तर मुळीच नाही.

आता ‘कोणताही सामान्य नागरिक’ या शब्दांकडे पाहू. कॅलिफोर्नियात मसुदा दाखल करायला 2,000 डॉलर भरावे लागतात. प्रस्ताव मतपत्रिकेवर गेला तर ते परत मिळतात. खरी भिंत त्यानंतर लागते. साधा कायदा आणायचा असेल तर मागच्या गव्हर्नर निवडणुकीत पडलेल्या मतांच्या 5 टक्के इतक्या, आणि राज्यघटना बदलायची असेल तर 8 टक्के इतक्या मतदारांच्या सह्या लागतात. 2022 च्या निवडणुकीवरून हे आकडे अनुक्रमे 5,46,651 आणि 8,74,641 असे निघतात. मुदत 180 दिवसांची. म्हणजे साध्या कायद्यासाठीसुद्धा रोज तीन हजारांहून अधिक वैध सह्या हव्यात, आणि पडताळणीत काही सह्या बाद होणार हे गृहीत धरून प्रत्यक्षात त्याहून बऱ्याच जास्त. नोकरी सांभाळून रविवारी सह्या मागणाऱ्या स्वयंसेवकांना हे क्वचितच जमते.

म्हणून हे काम पगारी माणसे करतात. दुकानाच्या दारापाशी घडीचे टेबल मांडून, एका फळीवर तीन-चार वेगवेगळे अर्ज लावून उभा असलेला माणूस येणाऱ्या-जाणाऱ्याला एका वाक्यात विषय सांगतो आणि पेन पुढे करतो. पूर्ण मसुदा अर्जासोबत असतो, पण हातात पिशव्या घेऊन उभे राहून तो वाचणारा विरळाच. अनेकदा या माणसाला दर सहीमागे मोबदला मिळतो आणि मुदत संपत आली की तो दर चढतो. कोलोराडोने पैसे देऊन सह्या गोळा करण्यावर बंदी घातली होती. ती अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1988 साली एकमताने रद्द केली, कारण तो अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा संकोच ठरत होता. ऑरेगनच्या मतदारांनी 2002 साली निदान दर सहीमागे पैसे देण्याला मनाई केली. तेव्हा मतपत्रिकेवर जागा मिळणे हा लोकांच्या कळकळीचा पुरावा आहे असे सरसकट म्हणता येत नाही. कित्येकदा तो केवळ खर्च करण्याच्या ऐपतीचा पुरावा असतो.

‘पैशाचे काही चालत नाही’ हा मुद्दा इथेच अर्धा निकालात निघतो. उरलेल्या अर्ध्यासाठी 2020 चा प्रस्ताव 22 पाहावा. ॲपवरून गाड्या चालवणाऱ्यांना कर्मचाऱ्यांचे हक्क द्यावे लागतील असा कायदा कॅलिफोर्नियाने 2019 साली केला. उबर, लिफ्ट, डोअरडॅश आदी कंपन्यांनी त्यातून आपल्या चालकांना वगळणारा प्रस्ताव आणला, 20 कोटी डॉलरहून अधिक रक्कम ओतली आणि 58 टक्क्यांहून अधिक मतांनी तो मंजूर करून घेतला. ज्या सोयीचा जन्म एका कंपनीच्या तावडीतून कायदा सोडवण्यासाठी झाला, त्याच सोयीने कंपन्यांनी स्वतःला लागू होणारा कायदा बदलून घेतला. कोणाही प्रामाणिक समर्थकाला हे अस्वस्थ करायला हवे.

याच्या उलट उदाहरणेही आहेत आणि ती दडवून चालणार नाही. 2022 साली मोबाइलवरून खेळांवर पैजा लावायला परवानगी देणारा प्रस्ताव 27 कॅलिफोर्नियात आला. दोन्ही बाजूंनी अफाट खर्च झाला आणि प्रस्तावाला 18 टक्क्यांच्या आसपास मते पडली. पैसा ‘हो’ विकत घेऊ शकतोच असे नाही. लोकांच्या मनात शंका पेरून ‘नाही’ मिळवणे त्याला अधिक सोपे जाते. परंतु लाखो मतदारांनी कोणत्या प्रश्नावर डोके शिणवायचे हे मात्र पैसा खात्रीने ठरवू शकतो, आणि माझ्या मते खरी सत्ता तिथेच आहे. मतदाराला उत्तराचा अधिकार असतो. प्रश्नाची शब्दरचना, त्यातली कलमे, त्यातले अपवाद हे सारे आधीच कोणीतरी बंद दाराआड लिहिलेले असते. विधिमंडळात विधेयकाला दुरुस्त्या सुचवता येतात, त्याने ज्यांचे नुकसान होणार त्यांना बोलावून ऐकता येते. छापून आलेल्या जनप्रस्तावातला स्वल्पविरामही मतदाराला हलवता येत नाही.

यातूनच ‘हो किंवा नाही म्हणजे स्वच्छ कौल’ हा समज ढासळतो. 2008 चा कॅलिफोर्नियातील प्रस्ताव 8 समलिंगी जोडप्यांचा विवाहाचा हक्क काढून घेण्यासाठी होता. म्हणजे अशा विवाहांना ज्याचा पाठिंबा होता त्याला ‘नाही’ म्हणायचे होते. सह्या गोळा होत असताना त्याचे शीर्षक विवाहावरील मर्यादा अशा अर्थाचे होते. मतपत्रिकेवर जाताना ॲटर्नी जनरलनी, म्हणजे राज्याच्या मुख्य कायदा अधिकाऱ्याने, ते बदलून हक्क काढून घेतो असे स्पष्ट केले, आणि त्यावरून प्रस्तावक न्यायालयात गेले. शीर्षकाच्या चार शब्दांसाठी माणसे न्यायालयाची पायरी चढतात, कारण बहुतेकांचा निर्णय तेवढ्याच शब्दांवर होतो हे त्यांना ठाऊक असते.

त्याहून खोल अडचण अशी, की प्रत्येक प्रश्न एकटा विचारला जातो. 1978 च्या प्रस्ताव 13 मागची तक्रार खरी होती: घरांच्या किमती भडकत होत्या, त्यांबरोबर कर वाढत होता, आणि राज्याच्या तिजोरीत शिल्लक असूनही विधिमंडळ हालत नव्हते. सुमारे 65 टक्के मतांनी लोकांनी मालमत्ता कर मूल्याच्या 1 टक्क्यावर बांधला आणि मालमत्ता विकली जाईपर्यंत ते मूल्य वर्षाला 2 टक्क्यांहून अधिक वाढवायचे नाही असे ठरवले. परिणामी एकाच गल्लीतल्या, एकसारख्या दोन घरांचे कर आकाशपाताळाइतके वेगळे झाले. 1988 साली लॉस एंजेलिसमध्ये 1,70,000 डॉलरला घर घेतलेल्या एका स्त्रीला जुन्या शेजाऱ्यांच्या जवळपास पाचपट कर येऊ लागला. ती सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि 1992 साली आठ विरुद्ध एक अशी हरली. शिवाय तोच लाभ व्यापारी जागांनाही मिळाला, आणि पुढे कर वाढवायला दोन-तृतीयांश बहुमताची अट त्याच प्रस्तावाने घातली. दहा वर्षांनी, 1988 साली, त्याच राज्याच्या मतदारांनी शाळांवरील किमान खर्चाची हमी देणारा प्रस्ताव 98 मंजूर केला. कर कमी हवा आणि शाळा चांगल्या हव्यात, या दोन्ही इच्छा रास्तच आहेत. पण जमा आणि खर्च एकाच कागदावर मांडून मतदाराला कधी विचारलेच गेले नाही.

राजकारण्यांना हात घालता येत नाही, हे काही राज्यांत खोटे आहे आणि काही ठिकाणी खरे असून तेच दुखणे आहे. साउथ डकोटाच्या मतदारांनी 2016 साली भ्रष्टाचारविरोधी कायदा मंजूर केला; विधिमंडळाने तो 2017 साली रद्दही केला. फ्लोरिडात 2018 साली 64 टक्क्यांहून अधिक मतदारांनी शिक्षा भोगून आलेल्यांना मताधिकार परत दिला. पुढच्याच वर्षी विधिमंडळाने दंड आणि शुल्क फेडल्याशिवाय तो मिळणार नाही अशी मेख मारली. उलट कॅलिफोर्नियात जनप्रस्तावाने झालेला कायदा, त्यात तशी मुभा नसेल तर, पुन्हा मतदान घेतल्याखेरीज बदलता येत नाही. प्रस्ताव 22 मध्ये मुभा आहे, पण सात-अष्टमांश बहुमताची. चूक उघड झाली तरी ती दुरुस्त करायला आठपैकी सात सदस्य राजी व्हावे लागतात.

बहुमत चुकत नाही, या विधानावर फार शब्द खर्च करायची गरज नाही. 1964 साली कॅलिफोर्नियाच्या जवळपास दोन-तृतीयांश मतदारांनी घर देताना वंशावरून नकार देण्याची मोकळीक परत आणली. 1967 साली सर्वोच्च न्यायालयाने ती घटनाबाह्य ठरवली. स्वित्झर्लंडच्या पुरुष मतदारांनी 1959 साली स्त्रियांना मताधिकार नाकारला, तो 1971 साली मिळाला. मत देण्याचा हक्कच नसलेल्यांचा हक्क इतरांच्या मतांवर टांगलेला होता.

राहिला स्वित्झर्लंडचा दाखला. तिथली पद्धत अमेरिकी राज्यांहून इतकी वेगळी आहे की दोन्हींना एका वाक्यात कोंबणे हीच दिशाभूल आहे. संघपातळीवर 18 महिन्यांत 1,00,000 सह्या लागतात आणि प्रस्ताव फक्त राज्यघटनेतील बदलाचा असू शकतो. सह्या पूर्ण झाल्यावर तो सरकार आणि संसदेसमोर जातो. त्यावर चर्चा होते, शिफारस होते, आणि संसद स्वतःचा पर्यायी प्रस्ताव मांडू शकते. मंजुरीसाठी देशभरातील बहुमत आणि बहुसंख्य कँटनांचा (तिथल्या घटकराज्यांचा) कौल, दोन्ही हवेत. बहुतेक प्रस्ताव नामंजूर होतात. म्हणजे तिथे प्रतिनिधी वगळलेले नाहीत. ते प्रक्रियेच्या मधोमध बसलेले आहेत.

कॅलिफोर्नियानेही 2014 च्या कायद्याने त्या दिशेने पाऊल टाकले: मसुद्यावर 30 दिवस लोकांच्या सूचना, एक-चतुर्थांश सह्या झाल्यावर विधिमंडळात सुनावणी, आणि मतपत्रिका पक्की होण्याआधी प्रस्ताव मागे घेण्याची मुभा. 2018 साली ती मुभा दोन रीतींनी वापरली गेली. ग्राहकांच्या खासगी माहितीच्या रक्षणासाठी आणलेला प्रस्ताव, विधिमंडळाने तसा कायदा केल्यावर, मागे घेतला गेला. त्याच सुमारास शीतपेय उद्योगाने शहरांना कोणताही कर लावणे अवघड करणारा प्रस्ताव पुढे रेटला आणि विधिमंडळाने शीतपेयांवर नवे स्थानिक कर लावण्यास 2031 पर्यंत बंदी घातल्यावर तो मागे घेतला. या दुसऱ्या सौद्यात सह्या लोकांच्या होत्या, पण मत द्यायची वेळ एकाही मतदारावर आली नाही.