वरच्याच्या हातातला नळ

"तिसरं महायुद्ध पाण्यावरून होणार. नदी ज्या देशात उगम पावते त्याच्या हातात नळ असतो. तो पिळला की खालचा देश तहानेने मेला. पाणीवाटपाचे करार म्हणजे शांततेच्या काळातले कागद, पहिली गोळी सुटली की फाटले. आणि जमिनीखालच्या पाण्याला तर कागदही नाही. ज्याची बोअर, त्याचं पाणी."

हा मजकूर थोड्याफार फरकाने मला चार ग्रुपांवर आला. एकदा सोबत भेगाळलेल्या जमिनीचा फोटो होता, एकदा लढाऊ विमानाचा. त्यात चार विधानं आहेत. तीन चुकीची आहेत, चौथं अर्धं खरं आहे, आणि काळजी करायची ती नेमकी त्या अर्ध्या खऱ्याची.

महायुद्धाचं आधी उरकून घेऊ. ही भविष्यवाणी नवी नाही. जागतिक बँकेचे तेव्हाचे उपाध्यक्ष इस्माईल सेरागेल्डिन १९९५ मध्ये असंच म्हणाले होते आणि तेव्हापासून ते वाक्य फिरतंय. त्यानंतर अमेरिकेतल्या ओरेगन राज्य विद्यापीठात आरोन वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भाकीत करण्याऐवजी मोजायला घेतलं. १९४८ ते १९९९ या काळात सामाईक नद्यांवरून देशादेशांत जे जे घडलं, त्याच्या १८३१ नोंदी त्यांनी गोळा केल्या. त्यातल्या १२२८ सहकार्याच्या निघाल्या, ५०७ तंट्याच्या. प्रत्यक्ष हिंसेपर्यंत गेलेल्या अवघ्या ३७, आणि त्यातल्याही ३० इस्राएल आणि त्याच्या शेजाऱ्यांमधल्या. याच काळात पाण्यावर १५७ करार झाले. निव्वळ पाण्यासाठी दोन राज्यांनी लढलेलं युद्ध शोधायला गेलं तर प्राचीन सुमेरमधल्या (आजचा दक्षिण इराक) लगाश आणि उम्मा या नगरराज्यांपर्यंत, म्हणजे साडेचार हजार वर्षं मागे जावं लागतं.

याचा अर्थ पाण्यावरून रक्त सांडत नाही असा नाही. सांडतं, पण बहुतेकदा देशाच्या आत: दोन गावांत, दोन शेतकऱ्यांत, कालव्याच्या मुखाशी आणि शेपटाशी बसलेल्यांत. देशांना युद्ध परवडत नाही, कारण युद्ध जिंकूनही नदी तिथेच वाहणार असते. ती कायमची ताब्यात घ्यायची तर उगमापर्यंतचा सगळा डोंगर ताब्यात घ्यावा लागेल.

आता नळ. या मेसेजचा सगळा जोर याच एका प्रतिमेवर आहे, म्हणून इथे जरा थांबू.

नदीला नळ नसतो. धरणाला दारं असतात. दारं लावली की मागे पाणी चढतं आणि ते ठेवायला जागा लागते. भारत आणि पाकिस्तान यांच्यातल्या सिंधू करारात सिंधू, झेलम आणि चिनाब या पश्चिमेकडच्या तीन नद्या मुख्यतः पाकिस्तानच्या वापरासाठी आहेत. त्यांवर भारताला साठवणीची मुभा आहे ३६ लाख एकर-फुटांची (एक एकर-फूट म्हणजे एकरभर जमिनीवर फूटभर उभं राहील इतकं पाणी), म्हणजे सुमारे १५७ टीएमसी. या तीन नद्यांचा वर्षाचा प्रवाह साधारण साडेतेरा कोटी एकर-फूट धरला जातो. म्हणजे परवानगीची सगळी धरणं उद्या उभी राहिली, तरी वर्षाच्या पाण्याच्या तीन टक्क्यांहून कमी पाणी त्यांत मावेल. चिनाबवरचे सलाल आणि बगलिहार हे प्रकल्प तर वाहत्या पाण्यावर वीज करणारे. पावसाळ्यात तिथली दारं बंद ठेवून बसायचं म्हटलं तर थोड्याच दिवसांत पाणी माथ्यावर येईल आणि दारं उघडावीच लागतील.

मग वरच्याच्या हातात काहीच नसतं का? असतं. वेळ असते. ऐन पेरणीत चार-आठ दिवस प्रवाह कमी करणं, धरणातला गाळ धुताना एकदम विसर्ग सोडणं, आणि सोडताना खाली न कळवणं. यातून होणारं नुकसान खरं असतं, मोठंही असू शकतं. पण ते 'देश तहानेने मेला' या जातीचं नसतं. आणि त्यावरचा इलाज रणगाडा नसून आधी पोचलेला निरोप असतो.

नळ खरोखर पिळला गेल्याचं एक उदाहरण या उपखंडातच आहे. १ एप्रिल १९४८ ला फिरोजपूरच्या हेडवर्क्समधून (नदीचं पाणी कालव्यात वळवणाऱ्या बंधाऱ्यातून) पाकिस्तानात जाणाऱ्या दीपालपूर कालव्याचं पाणी बंद झालं. तो कालवा होता, म्हणून ते जमलं. कालव्याला नळ असतोच. महिन्याभरात, ४ मे रोजी, दोन्ही देशांनी तात्पुरता समझोता केला. मात्र त्या धक्क्यातूनच पुढे कळलं की एकाच कालव्याचं पाणी मोजून वाटत बसण्यापेक्षा नद्याच वाटून घेतलेल्या बऱ्या. १९६० चा सिंधू करार त्या विचारावर उभा राहिला: रावी, बियास आणि सतलज भारताला, उरलेल्या तीन मुख्यतः पाकिस्तानला.

'वरच्याची मर्जी' हा विचार कायद्याच्या भाषेत मांडणारा पहिला मोठा माणूस अमेरिकेचा होता. रिओ ग्रांदे नदीचं पाणी वर उपसलं जातंय अशी मेक्सिकोने तक्रार केली, तेव्हा १८९५ मध्ये अमेरिकेचे अॅटर्नी जनरल जडसन हार्मन यांनी मत दिलं की आपल्या हद्दीतल्या पाण्याचं काय करायचं हे आपण ठरवू, खालच्याला काही देणं लागत नाही. मेसेज लिहिणाऱ्याला हे मत फार आवडेल. पण पुढे काय झालं? १९०६ मध्ये त्याच अमेरिकेने मेक्सिकोला दरवर्षी ६० हजार एकर-फूट पाणी विनामोबदला द्यायचा करार केला. हा मेक्सिकोचा हक्क म्हणून मान्य करत नाही, असंही त्यात आवर्जून लिहिलं. तत्त्व शाबूत ठेवलं आणि पाणी सोडलं! आंतरराष्ट्रीय राजकारणात सहकार्य बहुतेकदा असंच होतं, तोंड वाकडं करून.

त्या दोघांचीच पुढची गोष्ट आणखी मजेची. १९४४ च्या करारानुसार कोलोराडो नदीचं १५ लाख एकर-फूट पाणी अमेरिका दरवर्षी मेक्सिकोला देते. रिओ ग्रांदेच्या बाबतीत मात्र मेक्सिकोत उगम पावणाऱ्या उपनद्यांचं पाणी तिकडून यायचं असतं: वर्षाला सरासरी साडेतीन लाख एकर-फूट, पाच वर्षांच्या हिशेबात. म्हणजे एका नदीवर हा वर, दुसरीवर तो. मेक्सिकोची थकबाकी वारंवार राहते, त्यावरून जोरदार भांडणंही होतात. पण २०१० मध्ये मेहिकालीच्या भूकंपात तिथले कालवे फुटले आणि आलेलं पाणी घ्यायची सोय राहिली नाही, तेव्हा दोघांनी करारात एक पुरवणी जोडली आणि मेक्सिकोच्या वाट्याचं पाणी अमेरिकेतल्या लेक मीड या जलाशयात ठेवायची मुभा मिळाली. शेजाऱ्याच्या टाकीत आपलं पाणी. २०१४ मध्ये दोघांनी मिळून कोलोराडोच्या सुकलेल्या मुखाकडे एक लाखाहून अधिक एकर-फूट पाणी सोडलं, ते फक्त नदीसाठी.

आणि कधी कधी खालचा देश वरच्याला विनवतो की बाबा, पाणी अडव. १९४८ च्या मे महिन्यात कोलंबिया नदीच्या पुराने अमेरिकेतलं व्हॅनपोर्ट हे शहर पुसून टाकलं. पूर थोपवायचा तर धरणं वर, कॅनडात हवीत. १९६१ मध्ये करार झाला, १९६४ मध्ये लागू झाला. कॅनडाने तीन धरणं बांधायची. बदल्यात अमेरिकेने पूरनियंत्रणापोटी सुमारे ६.४ कोटी डॉलर द्यायचे, आणि नियमित प्रवाहामुळे खाली जी जादा वीज तयार होईल तिचा निम्मा वाटा कॅनडाला. वाटणी पाण्याची झालीच नाही, पाण्यातून निघालेल्या फायद्याची झाली. किंमत मात्र ज्यांनी मोजली त्यांना कोणी विचारलं नव्हतं: ज्यांच्या दऱ्या जलाशयाखाली गेल्या ते कॅनडातले रहिवासी आणि तिथले मूळ निवासी. दोन देशांचं जमलं म्हणजे सगळ्यांचं जमलं असं नव्हे.

तिसरं विधान: गोळी सुटली की करार फाटतो.

सिंधू करारानुसार भारताने पाकिस्तानातल्या पर्यायी कालव्यांसाठी ६ कोटी २० लाख ६० हजार पौंड दहा वार्षिक हप्त्यांत द्यायचे होते. १९६५ चं युद्ध याच दहा वर्षांत झालं. हप्ते चालू राहिले. पुढे १९७१ आणि १९९९ मध्येही लढाई झाली, पण करार राहिला.

पश्चिम आफ्रिकेतली सेनेगल नदी याहून बोलकी. माली, मॉरितानिया आणि सेनेगल यांनी १९७२ मध्ये संयुक्त संघटना काढली, गिनी २००६ मध्ये आला. या देशांनी ठरवलं की मोठी धरणं कोणा एकाची नसतील, ती सामाईक मालकीची असतील. मनंताली धरण मालीच्या भूमीवर आहे, पण ते एकट्या मालीचं नाही. विजेची वाटणी मालीला ५२ टक्के, सेनेगलला ३३ आणि मॉरितानियाला १५. १९८९ मध्ये सेनेगल आणि मॉरितानिया यांच्यात नदीकाठावरूनच रक्तपात पेटला, माणसं मारली गेली, हजारोंना हाकललं गेलं, राजनैतिक संबंध तुटले. नदीची संघटना तुटली नाही. धरणातला हिस्सा सोडून निघून जाणार कुठे? मला तरी करारांमधली सगळ्यात शहाणी युक्ती हीच वाटते: एकमेकांवर विश्वास ठेवायची वेळच येऊ नये अशी मालकी बांधून ठेवायची.

इस्राएल आणि जॉर्डन यांच्यात तह झाला १९९४ मध्ये. पण त्याच्या कितीतरी आधीपासून, कागदोपत्री युद्ध चालू असताना, दोन्हीकडचे पाणी-अधिकारी यार्मुक आणि जॉर्डन नद्यांच्या संगमाजवळ भेटून प्रवाहाचं ठरवत. अभ्यासकांनी त्या भेटींना 'सहलीच्या टेबलावरची बोलणी' असं नाव दिलं आहे.

'मग एप्रिल २०२५ चं काय?' असं कोणी विचारेल, आणि विचारायलाच हवं. पहलगामच्या हल्ल्यानंतर भारताने सिंधू करार स्थगित ठेवल्याचं २३ एप्रिलला जाहीर केलं. त्याची राजकीय आणि कायदेशीर बाजू हा वेगळा, मोठा विषय. पाण्यापुरतं बघायचं तर वरचं धरणांचं गणित या घोषणेने बदललेलं नाही. नवी साठवण बांधायला वर्षं लागतात. लगेच थांबू शकतात त्या इतर गोष्टी: सिंधू आयुक्तांच्या बैठका, पाणीमापन केंद्रांचे आकडे, प्रकल्पांच्या पाहण्या. ब्रह्मपुत्रेच्या बाबतीत असं एकदा होऊन गेलंय. पुराच्या हंगामातले आकडे देण्याबद्दल चीनशी २००२ पासून समझोता होता, पण डोकलामच्या सीमातंट्याच्या वर्षी, २०१७ मध्ये, ते आले नाहीत. आसामात पूर आला तेव्हा वरच्या अंगाला किती पाणी चढलंय याचा निरोप नव्हता.

करार मोडतो तो असा, आवाज न करता. आणि सुधारतो तोही असाच. १ नोव्हेंबर १९८६ ला स्वित्झर्लंडमधल्या बाझेलजवळच्या सँडोझ कंपनीच्या गोदामाला आग लागली. आग विझवायला मारलेलं पाणी कीटकनाशकं घेऊन ऱ्हाइनमध्ये उतरलं, नदी लाल झाली आणि खाली कित्येक किलोमीटरपर्यंत ईल मासे मरून पडले. ऱ्हाइनकाठच्या देशांचा संयुक्त आयोग १९५० पासून होता, पण तोवर तो रखडत चालला होता. पुढच्याच वर्षी त्याने कृती कार्यक्रम आणला, धोक्याचे इशारे देणाऱ्या केंद्रांची साखळी पक्की झाली, आणि १९९० च्या दशकात साल्मन मासे परत दिसू लागले.

नाईलचं उदाहरण माझ्या बाजूचं नाही, हे मान्य करतो. इथिओपियाने ७४ अब्ज घनमीटरचं धरण बांधलं, भरलं, २०२५ मध्ये उद्घाटनही केलं. दुष्काळात किती पाणी सोडायचं याचा बंधनकारक करार इजिप्त आणि सुदानशी तोवर झाला नव्हता. युद्ध झालं नाही, पण याला सहकार्य म्हणता येत नाही.

राहिलं जमिनीखालचं पाणी. 'ज्याची बोअर त्याचं पाणी' हे विधान न्यायाचं नाही, पण जगात बव्हंशी चालतं तेच. सीमेपलीकडे पसरलेले साडेचारशेहून अधिक जलधर, म्हणजे पाणी धरून ठेवणारे जमिनीखालचे थर, आजवर नकाशावर आलेत. त्यांच्यावरचे नेमके करार बोटांवर मोजावेत इतके. नदीचं पाणी आटलं तर डोळ्याला दिसतं. सीमेच्या अलीकडच्या उपशाने पलीकडची विहीर खोल गेली, तर पलीकडचा माणूस पावसाला दोष देतो.

जमू शकतं याचा सर्वांत जुना दाखला जिनिव्हाचा. तिथला जलधर स्वित्झर्लंड आणि फ्रान्स या दोघांच्या खाली आहे. १९६० आणि ७० च्या दशकांत उपसा इतका झाला की पातळी सात मीटरच्या आसपास उतरली. उपाय निघाला तो आर्व नदीचं पाणी गाळून, शुद्ध करून जमिनीत जिरवण्याचा. पण जिरवायचा खर्च जिनिव्हाने करायचा आणि उपसायचं दोघांनी, हे कसं चालणार? म्हणून १९७८ मध्ये करार झाला, तोही दोन राजधान्यांत नव्हे, तर जिनिव्हाचं कँटन (स्विस प्रांत) आणि शेजारचा फ्रेंच ओत-साव्वा जिल्हा यांच्यात. फ्रेंच बाजूला ठरावीक पाणी फुकट, त्यापुढे पुनर्भरणाच्या खर्चात वाटा. आणि दोन्हीकडच्या उपसा-विहिरींना मीटर. १९८० पासून पुनर्भरण सुरू झालं आणि पातळी सावरली.

जॉर्डन आणि सौदी अरेबियाने दिसी जलधराबद्दल २०१५ मध्ये सीमेलगतच्या ठरावीक पट्ट्यात उपसा न करण्याचं ठरवलं. तिथलं पाणी हजारो वर्षांपूर्वीचं, पुन्हा न भरणारं. तिथे वाटणीला फारसा अर्थ नाही, संपवण्याचा वेग तेवढा ठरवता येतो. दक्षिण अमेरिकेतला ग्वारानी जलधर अर्जेंटिना, ब्राझील, पॅराग्वे आणि उरुग्वे यांच्या खाली सुमारे बारा लाख चौरस किलोमीटर पसरलाय. चौघांत त्यावरून मोठा तंटा नव्हता, तरी त्यांनी ऑगस्ट २०१० मध्ये करारावर सह्या केल्या. तो अमलात यायला नोव्हेंबर २०२० उजाडला. त्या दहा वर्षांत चारही देशांतल्या बोअर चालूच होत्या.