डर्बीची नाणेफेक आणि बाकीच्या ऐकीव गोष्टी

महालक्ष्मीची इंडियन डर्बी जवळ आली की एक मजकूर व्हॉट्सॲपवर हमखास फिरतो. त्यात लिहिलेलं असतं : इंग्लंडमधल्या एप्समची डर्बी ही तिथली सर्वांत जुनी 'क्लासिक', म्हणजे घोड्यांच्या मानाच्या शर्यतींपैकी एक, नाणेफेक जिंकल्यामुळे लॉर्ड डर्बींचं नाव तिला मिळालं, १७८०पासून ती त्याच मैदानावर, दीड मैलांचीच, फक्त नरांसाठी होते, आणि भारतीय मालकांना तिथे कधी यश मिळालं नाही. मला ही शर्यत मनापासून आवडते, म्हणूनच हे खोडून काढायला हवं.

सर्वांत जुनी नाही. क्लासिकपैकीच सेंट लेजर १७७६ची, ओक्स १७७९ची.

नाणेफेकीची गोष्ट रंगतदार आहे, पण ती आख्यायिका आहे. ओक्स हे अर्ल ऑफ डर्बींच्या एप्समजवळच्या घराचं नाव, आणि आदल्या वर्षीची शर्यत त्या घराच्या नावाने झाली होती. यजमानही तेच. पुढच्या शर्यतीला त्यांचं नाव पडायला नाणं उडवण्याची गरज काय? लॉर्ड डर्बींसमोर सर चार्ल्स बनबरी नाणेफेक हरले म्हणतात. पण ४ मे १७८० रोजी नऊ घोड्यांत पहिला आला तो त्यांचाच डायोमेड.

ती शर्यत होती एक मैलाची. दीड मैल १७८४पासून झाले. टॅटनहॅम कॉर्नरचं ते अवघड वळणही तेव्हाच आलं, आणि ते वळण नसतं तर डर्बी आज ओळखू तरी आली असती का? मैदानही कायम एप्समचं नव्हतं : दोन्ही महायुद्धांत, १९१५ ते १९१८ आणि १९४० ते १९४५, ती न्यूमार्केटला धावली.

"फक्त नरांसाठी" हे वाचून मला सर्वांत वाईट वाटतं, कारण त्या एका शब्दाने एलिनॉर पुसली जाते. १८०१मध्ये या घोडीने डर्बी आणि ओक्स दोन्ही जिंकल्या. मालक पुन्हा बनबरी, आणि ती आईकडून डायोमेडची नात! तिच्यानंतर आणखी पाच घोड्यांनी, म्हणजे माद्यांनी, डर्बी मारली. शेवटची १९१६ची फिफिनेला. मज्जाव आहे तो खच्ची केलेल्या घोड्यांना. तीन वर्षांच्या मादीला आजही प्रवेश आहे, वर पाठीवरच्या वजनात तीन पौंडांची सूटही.

राहिले भारतीय मालक. १९३४ची डर्बी विंडसर लॅडने जिंकली, तो राजपीपळ्याच्या महाराजा विजयसिंहजींचा. बडोद्याच्या प्रतापसिंहराव गायकवाडांनी २८,००० गिनी मोजून एक शिंगरू घेतलं आणि त्याला आजोबांचं नाव दिलं : सयाजीराव. १९४७च्या डर्बीत तो तिसरा आला. सप्टेंबरमध्ये, देश स्वतंत्र होऊन महिनाही उलटला असेल-नसेल, त्याने डर्बीहून जुनी असलेली सेंट लेजर जिंकली.