आम्ही हवा वाहून नेतो

मारबतीच्या, म्हणजे पोळ्यानंतर निघणाऱ्या आमच्या नागपूरच्या मिरवणुकीच्या, दुसऱ्या दिवशी सकाळी जामठ्याच्या अलीकडे आऊटर रिंगरोडवर पाऊण तास अडकलेल्या समस्त मंडळींनो, त्या धुडाच्या पुढच्या पायलट गाडीत लाल फडकं बांधलेला बांबू घेऊन बसलेला माणूस म्हणजे मी. काच खाली करून दिलेल्या सगळ्या शिव्या पोचल्या. एका काकूंनी तर स्कूटर आडवी घालून विचारलं, "काय हो भाऊ, एवढं मोठं रॉकेट कुठं घेऊन चालले?"

रॉकेट नव्हतं काकू, टाकी होती. तीही रिकामी.

हे "रिकामी" लोकांच्या पचनी पडत नाही. टाकी स्टेनलेस स्टीलची, व्यास ४.२ मीटर, लांबी १६ मीटर, वजन ३८ टन. ५५ टन एकूण वजनाचे ट्रेलर रोज तुमच्या शेजारून जातात, त्यांच्याकडे कोणी मान वळवून बघत नाही. म्हणजे वजन हा प्रश्नच नाही. पोटात दोन लाखांवर लिटर मावेल एवढी पोकळी आहे, आणि ती पोकळी न्हावाशेवा बंदरापासून बुटीबोरीच्या पुढच्या एका कारखान्यापर्यंत आणायला आम्हाला चोवीस दिवस लागले. आम्ही हवा वाहून नेतो, असं मी घरी सांगतो. बायको म्हणते, पगारही तसाच आणता.

माझं काम रूट सर्व्हेचं. ओडीसी, म्हणजे नियमाच्या मापाबाहेरचा माल, निघायच्या आधी सगळा रस्ता मोजून यायचा. नियमानं मालवाहू गाडी २.६ मीटर रुंद आणि ४ मीटर उंच असू शकते (२०२० पर्यंत उंचीची मर्यादा ३.८ होती). त्यापुढे प्रत्येक गोष्टीला परवानगी. राष्ट्रीय महामार्गाची ऑनलाइन मिळते, पण टाकी काही फक्त राष्ट्रीय महामार्गानं जात नाही. राज्याचा रस्ता, जिल्ह्याचा रस्ता, गावचा रस्ता, विजेच्या तारा, रेल्वे फाटक असेल तर रेल्वे, सगळ्यांचे कागद वेगळे. सर्व्हेची गाडी कळंबोलीहून निघते, मुंब्रा बायपास, भिवंडी, कसारा घाट, नाशिक, धुळ्याला उजवीकडे वळून जळगाव, भुसावळ, मलकापूर, खामगाव, अकोला, अमरावती, मग मोझरी, तिवसा, तळेगावचा घाट, कारंजा, कोंढाळी. दर पुलाखाली उतरायचं, बांबू उभा करायचा, आकडा लिहायचा. मध्येच कोणीतरी "इथं फ्लायओव्हर होऊन राहिला का?" म्हणून चौकशी करतो. अमरावती-अकोला रस्त्याच्या एका लेनचं ७५ किलोमीटर डांबरीकरण २०२२ च्या जूनमध्ये १०५ तास ३३ मिनिटांत करून गिनीज रेकॉर्ड झालं, तेव्हा तुम्ही आनंदानं फोटो टाकले होते. मीही टाकला होता. त्याआधी त्या रस्त्यानं कमरेचा काय हिशेब केला हे माझं मला माहीत.

पण डांबराची एक गंमत आहे. महामार्गावरच्या पुलाखाली साधारण ५.५ मीटर मोकळी उंची ठेवतात. कागदावर. पुढे रस्ता पुन्हा केला की वर थर चढतो, तो खरवडला नाही तर पूल आहे तिथंच राहतो आणि रस्ता त्याच्याकडे सरकतो. या खेपेला एका पुलाखाली मी तीनदा मोजलं, तिन्ही वेळा ५.३८.

आता आमचा हिशेब बघा. हायड्रॉलिक ॲक्सलची, म्हणजे वरखाली करता येणाऱ्या आमच्या ट्रेलरची, पाटी चालताना जमिनीपासून साधारण १.१ मीटरवर असते. त्यावर सॅडल, म्हणजे टाकी टेकवायची बैठक, १५ सेंटीमीटर, त्यावर ४.२ ची टाकी. झाले ५.४५. पुलाजवळ आलं की ऑपरेटर पाटी खाली घेतो, २० सेंटीमीटर मिळतात, ५.२५. म्हणजे त्या पुलाखाली टाकीच्या डोक्यावर १३ सेंटीमीटर. पुरी वीतसुद्धा नाही. माणसाच्या चालीनं जायचं, एकानं मागून आणि एकानं बाजूनं बघत राहायचं, आणि कोणी हॉर्न वाजवला तरी लक्ष द्यायचं नाही.

एवढं सगळं मोजून मी बंदरावर पोचलो आणि टाकी बघून पोटात गोळा आला. ड्रॉइंगमध्ये ४.२ होतं ते पत्र्याचं माप होतं. टाकीच्या बरोबर माथ्यावर ३५ सेंटीमीटर उंचीचा मॅनहोल, म्हणजे माणूस आत उतरायचं तोंड, होता, बोल्ट लावायच्या जाड कडेसकट, म्हणजे फ्लँजसकट. आलेल्या मापाच्या कागदावर तो नव्हताच. चूक त्यांची, पण माझीही. "यावर काही बाहेर आलेलं आहे का?" हा एक प्रश्न मी विचारायला हवा होता, आणि बावीस वर्षं या धंद्यात असून विचारला नाही. ५.२५ अधिक ०.३५ म्हणजे ५.६०. पूल ५.३८.

त्या रात्री मी हॉटेलच्या बिलामागे गोल काढून बसलो. मध्यापासून मॅनहोलच्या टोकापर्यंत २.४५ मीटर, पत्र्यापर्यंत २.१०. मॅनहोल घड्याळात बारावर आहे तोवर तो वर येतो. तीनवर नेला तर रुंदीत येतो. पण दीडवर नेला, म्हणजे ४५ अंश, तर वरही १.७३ आणि बाजूलाही १.७३. दोन्हीकडे टाकीच्या स्वतःच्या पोटापेक्षा आत! दहावीच्या भूमितीच्या सरांना तिथूनच हात जोडले. दुसऱ्या दिवशी दोन क्रेननी पट्ट्यात धरून टाकी गोल फिरवली, सॅडल तळाला वेगळे होते म्हणून जमलं. वेल्ड केलेले असते तर मी ही पोस्ट लिहीत नसतो. क्रेनचं भाडं आणि चार दिवसांचं डेमरेज (माल वेळेत न उचलल्याचा दंड) कोणाच्या खिशातून गेलं यावर अजून मेल चालू आहेत.

आता माझं खरं भांडण. टाकीचा व्यास ठरतो तेव्हा त्या खोलीत कारखान्याची प्रक्रिया आखणारे प्रोसेसवाले असतात, खरेदीवाले असतात, पैशाचा माणूस असतो. रस्ता माहीत असलेला कोणी नसतो. त्याला ऑर्डर गेल्यावर, पुष्कळदा टाकी बनून झाल्यावर, फोन येतो, "भाऊ, एक टाकी आहे, नागपूरला न्यायची, रेट सांगा." आणि तेव्हा रस्ता मोजून काय उपयोग? ४.८ व्यासाची टाकी असेल तर वर सांगितलेला प्रत्येक पूल बंद. मग दरवेळी सर्व्हिस रोडवर उतरा, पलीकडून चढा, जिथं सर्व्हिस रोड नाही तिथं दुभाजक तोडून उलट्या बाजूनं जा, पोलिसांना बोलवा, मग दुभाजक बांधून द्या. तीच टाकी ४.२ व्यासाची करून लांबी सव्वाबारावरून १६ मीटर केली तर पोटात तेवढंच मावतं. लांबी आम्ही सांभाळतो, ॲक्सलची मागची चाकंही वळतात. उंचीला काही वळवता येत नाही. प्रोसेसवाल्यांचीही कारणं असतात, आतलं ढवळयंत्र, पाया, हे मला मान्य आहे. पण ६० सेंटीमीटरची ती चर्चा निदान होऊ द्या ना.

"रेल्वेनं का नाही नेत?" हा दर लग्नात विचारला जाणारा प्रश्न. रेल्वेची नेहमीची रुंदीची मर्यादा सव्वातीन मीटरच्या आसपास आहे. नागपूर देशाच्या मध्यावर असेल, झिरो माइल असेल, सगळ्या दिशांच्या गाड्या इथं एकमेकींना छेदत असतील, टाकीला त्याचं काय! आणि कंटेनर तर अडीच मीटरसुद्धा रुंद नसतो.

वजनाबाबत मात्र या देशात विचार झालेला आहे, हे मुद्दाम सांगतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या पुलांच्या डिझाइनच्या संहितेत, आयआरसी ६ मध्ये, ३८५ टनांचं एक विशेष वाहन धरलेलं आहे. वीस ॲक्सलचा ट्रेलर, पुढे पुलर, म्हणजे तो ओढणारी गाडी. त्यानं ताशी ५ किलोमीटरच्या आत, पुलाच्या मध्यावरून जायचं आणि तेव्हा पुलावर दुसरी गाडी नको. मोठे ट्रान्सफॉर्मर दोन-अडीचशे टनांचे असतात, त्यांच्यासाठी हा विचार. जड मालाला असं वाहन आहे. मोठ्या पण हलक्या मालाला काय आहे? बांबू. कोणत्या रस्त्यानं बंदरापासून विदर्भात ५.५ मीटर उंची खात्रीनं मिळेल, याची एक यादी करून ती जपावी, त्या रस्त्यावर नवीन काही बांधताना आधी ती बघावी, एवढंच मागणं आहे. शहरात तर आपण आभाळ खालीच आणत चाललो आहोत. वर्धा रोडवर डबल डेकर, कामठी रोडवर डबल डेकर, गड्डीगोदामला रेल्वे आणि मेट्रो मिळून चार मजले. मला ते आवडतात, मीही त्यावरून जातो. फक्त टाकी घेऊन शहरात शिरायचं नाव काढत नाही.

२०२० मध्ये आपल्या महाराष्ट्रातून निघालेलं ७० टनांचं एक यंत्र तिरुवनंतपुरमच्या अवकाश केंद्रात पोचलं, तेव्हा बातम्या आल्या होत्या. वाटेत एक वर्ष गेलं. लोकांनी त्यावर विनोद केले. मी त्या बातमीतला फोटो मोठा करून लॅशिंगच्या, म्हणजे माल बांधायच्या, साखळ्या बघत बसलो होतो.

धंद्याच्या विरोधात एक बोलतो, मालकांनी वाचू नये. काही टाक्या वाहून नेऊच नयेत. इंधन डेपोंमधल्या मोठ्या टाक्या कोणी ट्रेलरवर आणलेल्या नाहीत, पत्रे आणून जागेवर जोडल्या आहेत. दाबाखाली चालणाऱ्या, आतून पॉलिश लागणाऱ्या, वेल्डिंगनंतर भट्टीत तापवाव्या लागणाऱ्या टाक्या कारखान्यातच व्हाव्यात, तिथं सायटीवरचा चिखल चालत नाही. पण साध्या पाण्याच्या टाकीसाठी मला कसारा घाट चढायला लावू नका.

आणि टाकीवर माणूस बसवणं बंद करा. केबलच्या वायरी उचलायला हातात काठी देऊन वर पोरगा बसवतात, मी डोळ्यांनी बघितलंय. ११ केव्हीच्या तारेला हात लागायचीही गरज नसते, जवळ गेलं तरी पुरतं. आम्ही खालून आडव्या पट्टीच्या फायबरच्या काठीनं केबल उचलतो आणि विजेच्या तारेचा पुरवठा रीतसर बंद करून घेतो. त्यात दिवस जातो. जाऊ द्या.

तर मारबत. आम्ही पोळ्याच्या दिवशी गोंडखैरीला पोचलो. दुसऱ्या दिवशी सगळा बंदोबस्त काळ्या-पिवळ्या मारबतीमागे, आम्हाला कोण देणार? टाकी रस्त्याकडेला उभी. गावातली पोरं जमली आणि टाकीला गोल घालून ओरडायला लागली, "इडा पिडा घेऊन जा गे मारबत!" आमचा पुलरवाला उस्ताद बिहारचा, त्याला वाटलं स्वागत चाललंय. त्यानं हात जोडून सगळ्यांना नमस्कार केला.

शेवटचे तीन किलोमीटर सगळ्यात वाईट, हे कोणीही सांगेल. काळी माती, दोन दिवस पाऊस, रस्त्याची कड लोण्यासारखी. तिथं मुरूम टाकून ठेवला होता. पण वैशाखात सर्व्हे केला तेव्हा नसलेली एक गोष्ट आता गावाच्या तोंडाशी उभी होती. नवी कोरी स्वागत कमान. सप्ताहाच्या निमित्तानं उभारलेली, लोखंडी अँगलची, वर मारुतीराया. बांबू लावला. ४.९०.

सरपंचबाई आल्या. म्हणाल्या, "भाऊ, कालच रंग मारला न तिले. हात लावला तं गावातले पोट्टे आम्हालेच धरतीन. तुम्हीच टाकी थोडीशी दाबून घ्या न."

दोन तास बोलणं झालं, दोनदा चहा झाला. ठरलं असं की वरचा आडवा भाग आमच्या वेल्डरनं कापायचा, टाकी गेल्यावर परत बसवून द्यायचा, रंगासकट. मारुतीराया आधी उतरवून देवळात ठेवायचे, तेही गुरवाच्या हातानं. सात तास गेले. परत बसवताना वेल्डर म्हणाला, साहेब, कारखान्याच्या अजून दोन टाक्या यायच्या आहेत ना?

ती कमान आता फ्लँज आणि नट-बोल्टवर आहे. पाना सरपंचबाईंच्या घरी ठेवलाय.