गोळ्या बंद करायला सांगणाऱ्या त्या फॉरवर्डला उत्तर

‘लठ्ठपणा हा आजार नाही, आळस आहे. २१ दिवसांत १० किलो उतरवा, औषधं कचऱ्यात टाका.’ असा मथळा असलेला सात मुद्द्यांचा मजकूर सध्या मुंबईत सोसायट्यांच्या, भिशीच्या आणि लोकलच्या ग्रुपवर फिरतोय. फिरत फिरत तो माझ्या मावशीकडे पोचला. तिला शुगरच्या दोन आणि बीपीची एक गोळी चालू आहे. तिचा प्रश्न एवढाच होता: गोळ्या आजपासून बंद करू की सोमवारपासून? म्हणून सहावा मुद्दा आधी घेतो.

त्यात लिहिलंय: ‘रात्रीचं जेवण सोडा, सोळा तास उपास करा. वजन उतरायला लागलं की शुगर-बीपीच्या गोळ्यांची गरज संपते, त्या लगेच थांबवा.’

गोळी कोणती, हेही न विचारता ती थांबवायला सांगणं हा लोकांच्या जिवाशी खेळ आहे. मधुमेहाच्या सगळ्या गोळ्या एकसारखं काम करत नाहीत. मेटफॉर्मिन बंद केली तर त्या दिवशी काहीच जाणवत नाही, आणि त्यामुळेच माणूस फसतो. रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेली की ती लघवीत उतरते. मग तहान वाढते, रात्री दोन-तीनदा उठावं लागतं. तोवर कित्येक आठवडे गेलेले असतात. ग्लिमेपिराइडचं उलटं आहे. पोटात अन्न असो वा नसो, ती स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, आणि बऱ्याच जणांना ती मेटफॉर्मिनसोबत एकाच गोळीत दिलेली असते, त्यांना वेगळी माहीतही नसते. उपास धरला आणि ही गोळी तशीच चालू ठेवली, तर साखर ७० च्या खाली घसरू शकते: थंड घाम, थरथर, धडधड, असंबद्ध बोलणं. संध्याकाळच्या गर्दीत डब्याच्या दाराशी उभ्या असलेल्या माणसाला हे झालं तर काय होईल, ते मुंबईत कुणाला समजावून सांगायला नको. अशा वेळी माणूस शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून द्यायचं, १५ मिनिटांनी साखर पुन्हा मोजायची आणि मग काहीतरी खायला द्यायचं.

तिसरा प्रकार डापाग्लिफ्लोझिनच्या कुळातल्या, म्हणजे साखर लघवीवाटे बाहेर टाकणाऱ्या गोळ्यांचा. या चालू असताना कडक उपास केला तर रक्तात कीटोनचं, म्हणजे चरबी जळताना तयार होणारं, आम्ल साठू शकतं, आणि तेव्हा ग्लुकोमीटरवर साखर फारशी वाढलेली दिसतही नाही. मळमळ, उलट्या, पोटदुखी, धाप यांना ‘अ‍ॅसिडिटी’ समजून लोक घरी बसतात. बीपीच्या अ‍ॅटेनोलॉल किंवा मेटोप्रोलॉलसारख्या गोळ्या अचानक तोडल्या तर नाडी आणि दाब उसळतात. हृदयविकार असलेल्याला त्यातून झटका येऊ शकतो. ज्यांना टाइप १ मधुमेह आहे, म्हणजे शरीरात इन्सुलिन जवळजवळ बनतच नाही, त्यांनी इन्सुलिन थांबवलं तर काही दिवसांत जिवावर बेततं. फॉरवर्डमध्ये यातल्या कशाचाही उल्लेख नाही.

यात अर्धं सत्य आहे, आणि तेच या मजकुराचं भांडवल आहे. ब्रिटनमधल्या ‘डायरेक्ट’ चाचणीचे निष्कर्ष २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. मधुमेह होऊन सहा वर्षं झालेली नाहीत आणि इन्सुलिन चालू नाही, अशा जास्त वजनाच्या लोकांना तीन ते पाच महिने दिवसाला साधारण ८२५ ते ८५३ कॅलरींचा मोजून दिलेला आहार दिला. वर्षाअखेर त्यातल्या ४६ टक्के लोकांची साखर औषधांविना मधुमेहाच्या पातळीखाली होती. ज्यांनी १५ किलो किंवा जास्त वजन उतरवलं, त्यांच्यात हे प्रमाण ८६ टक्के होतं. तिथे गोळ्या पहिल्याच दिवशी थांबवल्या होत्या, हेही खरं. पण त्या थांबवणारे डॉक्टर होते, साखर आणि बीपी सतत तपासलं जात होतं, आणि गरज पडली की औषध परत सुरू होत होतं. दुसऱ्या वर्षाअखेर ४६ चे ३६ टक्के झाले. तेव्हा उपास किंवा कमी खाणं सुरू करण्याआधी गोळ्यांची पाकिटं घेऊन डॉक्टरांकडे जा आणि तीन गोष्टी विचारा: यातली कोणती गोळी साखर पाडते, कोणती उपासाच्या दिवशी घ्यायची नाही, आणि साखर-बीपी किती खाली आल्यावर फोन करायचा.

आता ‘२१ दिवसांत १० किलो’. एक किलो चरबीत सुमारे ७७०० कॅलरी साठलेल्या असतात. दहा किलो म्हणजे ७७,०००. एकवीस दिवसांनी भागा: रोज ३,६०० हून जास्त कॅलरींची तूट हवी. ऑफिस आणि घर सांभाळणाऱ्या बाईचा दिवसभराचा एकूण खर्च १,८०० धरला, तर एकवीस दिवस अन्नाचा कण न घेताही पाच किलो चरबी जाणार नाही. मग काट्यावर कमी दिसतं ते काय? पहिल्या आठवड्यात यकृत आणि स्नायूंमधला ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा साठा, आणि त्याला धरून असलेलं पाणी जातं. त्यानंतर प्रथिनं कमी पडली तर स्नायू झिजतात. पूर्ववत खायला लागल्यावर पाणी लगेच परत येतं, स्नायू मात्र तसे येत नाहीत. वजन तेवढंच, पण चरबी जास्त, असा सौदा होतो.

कोमट पाणी, मध आणि लिंबू यांनी ‘चरबी वितळते’ म्हणे. एक मोठा चमचा मध म्हणजे सुमारे ६० कॅलरी, त्या वाढतात. लिंबाने काही घटत नाही. दहा किलो चरबी शरीरात जळते तेव्हा त्यातली ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासावाटे जाते आणि १.६ किलोचं पाणी होतं. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये २०१४ मध्ये हा हिशेब छापून आलाय. पोटाला प्लास्टिक गुंडाळून किंवा पट्टा बांधून चालल्यावर निथळतो तो घाम, म्हणजे पाणी आणि मीठ. दोन पेले पाणी प्यायल्यावर अर्धा किलो परत. मुंबईच्या दमट हवेत घाम आधीच वाळत नाही. त्यावर प्लास्टिक आलं की शरीराची उष्णता बाहेर पडायला वाटच उरत नाही. बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असलेल्याने तर हा प्रकार मुळीच करू नये.

पहिल्या मुद्द्यावर, ‘आळस’ या शब्दावर, माझा खरा राग आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार १५ ते ४९ वयोगटातल्या जास्त वजनाच्या किंवा लठ्ठ स्त्रियांचं प्रमाण २०१५-१६ मध्ये २०.६ टक्के होतं, २०१९-२१ मध्ये २४ टक्के झालं. पुरुषांचं १८.९ वरून २२.९. पाच वर्षांत सगळा देश आळशी झाला का? जुळ्यांवरच्या अभ्यासांतून शरीराच्या वजनातला ४० ते ७० टक्के फरक अनुवंशिकतेशी जोडलेला दिसतो. प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड, मानसिक आजारावरचं ओलान्झापिन, फिट्सवरचं व्हॅल्प्रोएट, खुद्द इन्सुलिन, अशा औषधांनीही वजन वाढतं. आणि बदललंय ते आजूबाजूचं सगळं. पहाटे पाचला उठून डबे भरायचे, बदलापूर किंवा विरारहून गाडी पकडायची, रात्री नऊला घरी, दहाला जेवण, झोप जेमतेम साडेपाच तास. झोप कमी झाली की भूक वाढते. कमी झोपणाऱ्या ८० जास्त वजनाच्या प्रौढांची झोप सरासरी १.२ तासांनी वाढवली तर ते आपोआप दिवसाला २७० कॅलरी कमी खाऊ लागले, असं २०२२ च्या एका अमेरिकी चाचणीत दिसलं. दुपारचा डबा एकला संपलेला असतो, सातला फलाटावर हाताशी असतं ते वडापाव, समोसा, वेफर्सचं पाकीट. २०१९ मध्ये अमेरिकी संशोधक केव्हिन हॉल यांच्या प्रयोगात २० जणांना आळीपाळीने दोन आठवडे पाकीटबंद अतिप्रक्रिया केलेलं आणि दोन आठवडे साधं अन्न हवं तेवढं खाऊ दिलं. पाकीटबंद अन्नावर ते रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होते. माणसं तीच होती. ज्या बाईला रेल्वेचा पूल चढताना गुडघा धरून थांबावं लागतं, तिला आळशी म्हणून काय साधतं? ती डॉक्टरकडे जायला लाजते, एवढंच. एक किलो वजन उतरलं तर गुडघ्यावरचा भार प्रत्येक पावलाला सुमारे चार किलोंनी हलका होतो. हे तिला सांगा.  

‘वजन ७५ च्या आत असेल तर धोका नाही, पोट म्हणजे खात्यापित्या घरची खूण.’ पाच फूट उंचीच्या बाईसाठी ७५ किलो म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, हे सांगणारा आकडा) ३२. भारतीयांसाठी २३ पासून जास्त वजन आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन या दोघांचा बीएमआय २२.३ होता, शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. ‘लॅन्सेट’ने २००४ मध्ये दोघांचा फोटोच छापला. बारीक हातपायांचा आणि सुटलेल्या पोटाचा आपला बांधा काट्यावर निर्दोष दिसतो. म्हणून घेर मोजा. सरळ उभं राहून शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध शिवणाची टेप जमिनीला समांतर धरायची, पोट आत ओढायचं नाही, सहज श्वास सोडून आकडा बघायचा. पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरपर्यंत ठीक. पँटचा नंबर धरू नका. पोट वाढलं की पट्टा खाली सरकतो आणि नंबर वर्षानुवर्षं तोच राहतो.

‘भात बंद, तूप हवं तेवढं’ यावर फार लिहीत नाही. वाटीभर भात सुमारे २०० कॅलरी, दोन मोठे चमचे तूप त्याहून जास्त. त्यापेक्षा तेलाचा कॅन बघा: चौघांच्या घरात महिन्याला पाच लिटर संपत असेल तर माणशी रोज ३८ ग्रॅम, म्हणजे ३४० कॅलरी नुसत्या तेलाच्या.

सातव्या मुद्द्यात वजनाच्या इंजेक्शनांना विष म्हणून खाली एका ‘हर्बल’ पावडरीचा नंबर दिलाय. इंजेक्शन थांबवलं की वजन परत येतं, हे मान्य. सेमाग्लुटाइड या अशाच इंजेक्शनाच्या चाचणीत ६८ आठवड्यांत वजन सरासरी १४.९ टक्के उतरलं, आणि औषध थांबवल्यावर वर्षभरात त्यातलं दोन तृतीयांश परत आलं. पण बीपीची गोळी थांबवल्यावरही बीपी परत येतंच. यावरून आजार खरा आहे एवढंच सिद्ध होतं, आणि हा मजकूर तर आजारच नाही म्हणतो. पावडरीचं म्हणाल तर हृदयाला धोका म्हणून २०१० मध्ये युरोप-अमेरिकेतून मागे घेतलेलं आणि २०११ मध्ये भारतात बंदी आलेलं भूक मारणारं औषध सिब्युट्रामाइन ‘नैसर्गिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या वजनाच्या उत्पादनांत अमेरिकेच्या औषध प्रशासनाला पुन्हा पुन्हा सापडलंय. घटकांची यादी आणि परवाना क्रमांक नसलेली पुडी घरात ठेवू नका.

ज्यांनी हा मजकूर वाचून गोळ्या आधीच थांबवल्यात, त्यांनी राहिलेल्या दिवसांची भरपाई म्हणून दुप्पट गोळ्या घेऊ नयेत. आज उपाशीपोटी आणि जेवणानंतर दोन तासांनी साखर मोजा, बीपी मोजा, आकडे लिहून त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. उलट्या, धाप, छातीत दुखणं किंवा ग्लानी असेल तर फोनची वाट न बघता जवळच्या हॉस्पिटलात जा, आणि जाताना गोळ्यांची पाकिटं आणि ती पावडर दोन्ही सोबत न्या.