माहेरचं नाव

कॉम्प्युटरात ग्राफिक्स कार्ड बसवलं, लिनक्स चालू केलं आणि नेट गेलं. केबल बदलली. राउटर तीनदा बंद-चालू केला. अक्कल संपली की माणूस राउटरच बंद-चालू करतो.

मे महिन्यातलं अमळनेर, दुपारचे दोन. बाजूच्या खुर्चीत सातबारा काढून घ्यायला आलेले शेजारचे तात्या, खांद्यावरच्या उपरण्यानं वारा घेत.

"व्हयनं का भो?"

"होतंय तात्या."

"ऊन लागनं व्हई त्याले. कांदा ठेव वर."

तीन तास असे गेले. मध्ये माझी एक मीटिंग बुडाली, तात्यांचे दोन चहा झाले. शेवटी 'आयपी लिंक' ही कमांड मारली तेव्हा दिसलं: काल ईएनपी३एस० नावाचं असलेलं नेटचं कार्ड आज ईएनपी४एस० म्हणून बसलंय. यातला पीपुढचा आकडा म्हणजे कार्ड कॉम्प्युटरात ज्या बसला, म्हणजे जोडणीच्या वाटेला, लागतं तिचा नंबर. नवं ग्राफिक्स कार्ड मध्ये घुसलं, नंबर सरकले, नाव बदललं. नेट कुठल्या कार्डावर चालवायचं ते लिहिलेली नेटप्लॅनची फाइल मात्र अजून तीन नंबरवालीलाच शोधतेय. लिनक्स चालू करणाऱ्या सिस्टमडी या प्रोग्रामवाल्यांनी २०१३ साली आणलेल्या या नावांना 'प्रेडिक्टेबल', म्हणजे आधीच सांगता येणारी, म्हणतात! म्हणे आधीच्या ईथ० आणि ईथ१ या नावांची दोन कार्डांत अदलाबदल व्हायची. अहो, माझ्याकडे नेटचं कार्डच एक. त्याची अदलाबदल कुणाशी होणार होती? एका कार्डवाल्या गरिबाला विचारलं होतं का कुणी?

हे सगळं मी तावातावानं तात्यांना ऐकवलं. त्यांनी बशी खाली ठेवली.

"म्हंजे पोरनं लगीन व्हयनं, सासरले नाव बदलनं. आनि पोस्टमन माहेरना नावना कागद लिसन फिरी ऱ्हायना."

मी गप्प.

"पोर तीच से ना? का तीबी बदलनी?"

मॅक ॲड्रेस, म्हणजे कार्डाचा स्वतःचा ओळख क्रमांक, ताडून पाहिला. बाराही अक्षरं तीच. पोर तीच होती. म्हाताऱ्यानं कांद्यावरून थेट मुद्द्यावर उडी मारली होती, आणि मी बारा वर्षं लिनक्स वापरतोय. फाइलमध्ये तीनचा चार केला, 'नेटप्लॅन अप्लाय' मारलं, नेट आलं. पुन्हा हा खेळ नको म्हणून रात्री मॅकवरून नाव कायमचं बांधून टाकलं, पण ते बघायला तात्या नव्हते. ते पारावर होते. तीन तासांत एक आकडा बदलणाऱ्या इंजिनेराची गोष्ट सांगत.

आज सकाळी दूधवाल्यानं माप ओतता ओतता विचारलं, "भाऊ, सून सापडनी का?"