बेडसोर झाला की मावशीचा पगार का कापता?

अंथरुणावर एकाच कुशीवर पडून आजोबांच्या माकडहाडावर जखम दिसली, म्हणजे बेडसोर. नातेवाइकांनी आरडाओरडा केला. केअर सेंटरच्या मालकांनी पेशंटचं सगळं करणाऱ्या मावशीला ऑफिसात बोलावलं, चार लोकांसमोर झापलं आणि महिन्याच्या पगारातून हजार रुपये कापले. पुणे, नाशिक, ठाणे, जिथे जिथे अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसांसाठी खासगी केअर सेंटरं निघालीत, तिथे हे असंच चाललंय. दर वेळी डोकं फिरतं, कारण ज्याच्यामुळे ती जखम झाली तो ड्यूटीचा तक्ता त्याच ऑफिसच्या भिंतीवर टांगलेला असतो, आणि त्याच्याकडे मान वर करून बघायला कुणी तयार नसतं.

आपण बघू. वीस जणांचं सेंटर धरा. बारा जण पूर्ण बेडवर, आठ जण धरून-धरून चालणारे, त्यातल्या दोघा-तिघांना डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश. रात्री आठ ते सकाळी आठ दोन मावशी. बेडवरच्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलायची, हे नर्सिंगच्या पहिल्या धड्यातलं वाक्य. आता एका माणसाची कूस बदलायला किती वेळ लागतो? डायपर उघडून बघायचा, ओला असेल तर काढायचा, पुसायचं, कोरडं करायचं, क्रीम लावायचं, नवा बांधायचा, खालची ड्रॉशीट (माणूस उचलायला-वळवायला खाली घातलेली आडवी चादर) ओढून सरळ करायची, मग दोघींनी दोन बाजूंनी धरून माणूस वळवायचा, पाठीमागे उशी, गुडघ्यांच्या मध्ये उशी, पोटऱ्यांखाली उशी. नीट केलं तर दहा मिनिटं, आणि दोघी लागतात. सत्तर किलोचा पॅरालिसिसचा माणूस एकटीने वळवता येत नाही. बारा माणसं गुणिले दहा मिनिटं, एकशेवीस मिनिटं. म्हणजे शेवटचा माणूस होईपर्यंत पहिल्याची वेळ परत आलेली असते. बारा तास, एक मिनिट न बसता, घोटभर पाणी न पिता, लघवीला न जाता. आणि या एकशेवीस मिनिटांत उरलेल्या आठ जणांपैकी कुणीही उठणार नाही, कुणालाही उलटी होणार नाही, कुणाचंही सलाइन संपणार नाही, असं गृहीत धरलंय.

हे गृहीत धरणारा माणूस रात्री घरी झोपलेला असतो.

मग प्रत्यक्षात काय होतं? रात्री दहाला एक राउंड होतो, पहाटे पाचला दुसरा. मधले सात तास माणूस एकाच कुशीवर. आणि सकाळी सहा वाजता मावशी टर्निंगचा चार्ट घेऊन बसते आणि दहा, बारा, दोन, चार, सहा, सगळ्या रकान्यांत एकाच पेनाने, एका दमात टिक मारते. सिस्टरला हे माहीत असतं, मालकाला माहीत असतं, व्हिजिटला येणाऱ्या डॉक्टरांना तर पाठ बघताक्षणी कळतं. चार्ट पूर्ण पाहिजे, हे तिला सांगितलेलं असतं. माणसं पूर्ण पाहिजेत, हे मात्र कुणी बोलत नाही.

बेडसोर एका रात्रीत आभाळातून पडत नाही. आधी माकडहाडावर, खुब्यावर किंवा टाचेवर लाल डाग येतो. त्यावर बोट दाबायचं. दाबल्यावर तिथे पांढरं पडलं आणि सोडल्यावर परत लाल झालं, तर अजून वेळ गेलेली नाही, त्या बाजूवर भार द्यायचा नाही एवढं पाळलं तर डाग जातो. दाबूनही लालच राहिला तर आत नुकसान सुरू झालंय. एवढी तपासणी अर्ध्या मिनिटाची आहे. पण रात्री अडीचला, मंद दिव्यात, टॉर्च आणून, माणूस वळवून ते अर्धं मिनिट द्यायचं कुणी? गव्हाळ-सावळ्या कातडीवर तो लालपणा दिसतही नाही पटकन, हात लावून गरम लागतंय का, कडक लागतंय का हे बघावं लागतं. घाई म्हटली की आणखी एक होतं: उचलायला दुसरी नसली की माणूस ड्रॉशीटने उचलण्याऐवजी चादरीवरून ओढला जातो. कातडी चादरीला चिकटून मागे राहते आणि आतलं हाड पुढे सरकतं. तिथेच आतल्या आत फाटतं. वर काही दिवसांनी दिसतं. आणि दिसतं तेव्हा ड्यूटीवर जी असते तिचे पैसे कापले जातात.

एअर बेड घेतलाय ना, मग? हे वाक्य नातेवाइकांकडूनही येतं आणि मालकांकडूनही. एअर बेडने दाब वाटला जातो, संपत नाही. एअर बेडवरच्या माणसालाही वळवावंच लागतं, आणि त्याच्या टाचा तर उशीने अधांतरी ठेवाव्याच लागतात. शिवाय लाइट गेली, पंपाची नळी निसटली की तो बेड खाली बसतो, आणि ते लक्षात यायलासुद्धा कुणीतरी हात घालून बघावं लागतं. परत हातच आले.

जेवण भरवण्याचं त्याहून भयंकर आहे. गिळायला त्रास असलेल्या माणसाला भरवायला पंचवीस-तीस मिनिटं लागतात. ताठ बसवायचं, हनुवटी किंचित खाली, अर्धा चमचा मऊ भात, गिळला का बघायचं, मग पुढचा. असे पाच जण असले तर एका मावशीचे दोन-अडीच तास एका जेवणाला जातात. तेवढे असतात का? नसतात. मग प्रत्येकाला सात-आठ मिनिटं, मोठे घास, अर्धवट आडवं. नाकातून पोटात घातलेल्या नळीने भरवायचं, त्या फीडिंगचंही तेच. पिचकारीचा दट्ट्या काढून नुसतं नळकांडं नळीला जोडायचं, वर धरायचं आणि दोनशे मिली आपल्या वजनाने हळूहळू उतरू द्यायचे, पंधरा मिनिटं. आधी नळी जागेवर आहे का बघायचं, नंतर पाणी सोडून ती धुवायची, आणि पुढचा किमान अर्धा तास डोक्याकडची बाजू उंच. घाईत काय होतं? दट्ट्या लावून दोनशे मिली तीन मिनिटांत दाबले जातात आणि लगेच डायपर बदलायला बेड सपाट केला जातो. पोटातलं घशात, घशातलं फुप्फुसात. दोन-तीन दिवसांत ताप, छातीत घरघर, ऑक्सिजन खाली, आयसीयू. आयसीयूच्या एका दिवसाच्या बिलात एका मावशीचा महिन्याचा पगार निघतो. तरी दिवसपाळीला एक जादा मावशी ‘परवडत नाही’.

परवडत नाही म्हणजे किती? तेही मांडू. मावशीचा पगार पंधरा हजार धरला, तिच्या आठवड्याच्या सुट्टीची बदली धरून सव्वासतरा हजार. वीस जणांत वाटा. माणशी साडेआठशे-नऊशे रुपये महिना, दिवसाला तीस रुपयांच्या आसपास. एका मोठ्या माणसाच्या डायपरला जेवढे पडतात तेवढेच! महिन्याला तीस-पस्तीस हजार घेणाऱ्या ठिकाणाला हे जड जातं असं कुणी सांगू नका.

आणि तो पंधरा हजाराचा पगार तरी काय आहे? बारा तास, महिन्याचे सव्वीस दिवस, तीनशेबारा तास. तासाला अठ्ठेचाळीस रुपये. जादा कामाला दुप्पट दर हे आपल्याकडच्या कामगार कायद्यांचं जुनं तत्त्व. आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांच्या वर केलेलं काम जादा धरलं, तर सहा दिवस बारा-बारा तास करणाऱ्या मावशीचे बहात्तर तास होतात, त्यातले चोवीस जादा, म्हणजे तिला शहाण्णव तासांचे पैसे मिळायला पाहिजेत. मिळतात बहात्तरचे, तेही आधीच पाडून ठरवलेल्या दराने. ‘बारा तास हीच आमची ड्यूटी’ असं तोंडावर सांगतात, जसं काही घड्याळ सेंटरच्या मालकाने बनवलंय. चोवीस तासांच्या ड्यूटीला तर बाराच्या दुप्पटही देत नाहीत, थोडी भर टाकतात. ‘रात्री झोपतेच की ती.’ कुठे झोपते? पेशंटच्या कॉटखाली चटईवर, एक कान वर ठेवून, चार वेळा उठून.

पेशंटकडे बायका पुरवणाऱ्या ब्युरोमार्फत आलेल्या बाईचे हाल आणखी वेगळे. नातेवाईक दिवसाचे जेवढे देतात त्यातला मोठा तुकडा ब्युरो ठेवून घेतो, पहिल्या काही दिवसांचे पैसे ‘डिपॉझिट’ म्हणून अडकवतो, आणि मध्येच सोडून गेली तर ते बुडाले. काही ठिकाणी मूळ आधार कार्डसुद्धा काढून घेतात. गावाकडून आलेल्या बाईला कार्ड परत मागायची हिंमत कुठून येणार?

ईएसआयचं, म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्याचं बघा. पगार 21,000 पर्यंत असेल आणि दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तर ईएसआय लागू होतं. मालकाचे सव्वातीन टक्के, कामगाराचे पाऊण टक्का. पंधरा हजारांवर मालकाचे 487 रुपये 50 पैसे. एवढ्यासाठी रजिस्टरवर नऊच नावं दाखवायची आणि बाकीच्यांना रोख द्यायचं! या कामात कंबर जाते हो. अमेरिकेत माणूस हाताने उचलण्याची मर्यादा 35 पौंड सांगितलीय, म्हणजे सोळा किलोच्या आसपास. त्याच्या वर हॉइस्ट, म्हणजे माणूस उचलायचं यंत्र, वापरा म्हणतात. इथे चाळिशीतली बाई दिवसातून पंधरा-वीस वेळा त्याच्या चौपट वजनाखाली वाकते. हॉइस्ट सोडा, घसरती शीट नाही, कमरेला बांधायचा पट्टा नाही, वर-खाली होणारा बेड नाही. मणका सरकला की घरी बस. ईएसआय असतं तर उपचार मिळाले असते, आजारपणाचे थोडे पैसे मिळाले असते. हातमोज्यांची एक जोडी तीन पेशंटना पुरवायची, हेपटायटिस बी च्या लसीच्या तीन डोसांचं कुणी नाव काढत नाही, आणि इन्सुलिनची सुई टोचली तर ‘डेटॉलने धू’.

इन्सुलिन मावशीने द्यायचंच नसतं, खरं म्हणजे. पण सिस्टर एकच, तीही दिवसा. मग मावशी देते. इन्सुलिन दिलं आणि भरवायची पाळी यायला पाऊण तास लागला तर साखर खाली जाऊन माणूस घामाघूम, बेशुद्ध. दोष कुणाचा लिहिला जातो ते सांगायला नको.

सगळ्यात जास्त चीड येते ती चालणाऱ्या माणसांना डायपर बांधण्याची. आजींना धरून नेलं तर त्या संडासापर्यंत व्यवस्थित जातात. जायला-यायला बारा मिनिटं लागतात. ती बारा मिनिटं द्यायला माणूस नाही, म्हणून ‘त्यातच करा आजी’. लाजेने आधी त्या पाणी प्यायचं कमी करतात, मग लघवीचं इन्फेक्शन, मग गोंधळ, बडबड. चालणं बंद झाल्यावर काही आठवड्यांत पाय उभं राहण्याइतकेही उरत नाहीत. आठ चालणाऱ्यांमधली एक बारा बेडवरच्यांत गेली. दोन मावशींना आता तेरा. आणि जी ऐकत नाहीत, रात्री उठतात, पडून खुब्याचं हाड मोडून घेतात, त्यांचे हात बँडेजने कॉटच्या कठड्याला बांधतात, नाहीतर झोपेची गोळी वाढवून घेतात. हे क्रौर्य मावशीच्या मनातून येत नाही. दोघीतल्या दोघी आत एका माणसाला वळवत असताना बाहेरच्या हॉलमध्ये कोण थांबणार, या प्रश्नाला वरून कुणी दिलेलं उत्तर नाही, म्हणून ते येतं.

माथाडींसाठी 1969 मध्ये कायदा झाला, मंडळं झाली. खासगी सुरक्षा रक्षकांसाठी 1981 मध्ये. घरकामगारांसाठी 2008 मध्ये. चांगलंच झालं, ती लढून मिळवलेली आहेत. पण सेंटरच्या गेटवर बसणाऱ्या वॉचमनसाठी मंडळ आहे आणि आत माणसं जिवंत ठेवणाऱ्या मावशीसाठी नाही. ज्येष्ठ नागरिकांच्या 2007 च्या कायद्यात जिल्ह्याला किमान दीडशे ज्येष्ठांच्या वृद्धाश्रमाची गोष्ट आहे. किती माणसांमागे रात्री किती मावशी, हा आकडा त्यात नाही. तो आकडा कायद्यात घाला. बेडवरच्या चार माणसांमागे दिवसा एक, सहामागे रात्री एक, आणि कूस बदलायला दुसरी हाताशी असलीच पाहिजे, शिवाय हॉलमध्ये एक वेगळी. हे काही चैनीचं मागणं नाही, वरच्या एकशेवीस मिनिटांचा हिशोब परत लावून बघा, त्यातही जेमतेमच बसतं.

आणि नातेवाइकांनो, तुम्हीही. जागा बघायला येता तेव्हा बाग बघता, टाइल्स बघता, सीसीटीव्ही आहे का विचारता, जेवणात गोड कधी असतं विचारता. रविवारी दुपारी येता, त्या वेळी सगळा स्टाफ इस्त्रीच्या कपड्यांत उभा असतो. रात्री साडेनऊला फोन न करता जा. आज नाइटला कोण कोण आहे, त्यांची नावं विचारा. आत किती जण बेडवर आहेत ते मोजा. त्या मावशी सकाळपासूनच ड्यूटीवर आहेत का, म्हणजे बदलीवाली आली नाही म्हणून डबल करतायत का, ते विचारा. टर्निंगचा चार्ट मागा आणि रात्री साडेनऊलाच त्यात पहाटे चारच्या रकान्यात टिक दिसते का बघा. मग खाली ऑफिसात जाऊन मालकांना विचारा, की मावशीचे हजार रुपये कुठल्या हिशोबाने कापले, आणि ते तिला परत कधी देताय.